कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी

वास्तुशांत होती. निपानियाकडे, सातव्या मजल्यावर, खिडकीतून बायपासचे ट्रक दिसतात अशा फ्लॅटची. गुरुजी पाच-सहा वर्षांपूर्वी नाशिकहून इंदूरला आलेले, तरुण, आवाज खणखणीत. माझ्या नवऱ्याने उजव्या हाताच्या खळग्यात पाणी, अक्षता, सुपारी असं सगळं धरलेलं. गुरुजी भरधाव निघाले होते, ‘...जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दक्षिणापथे रामक्षेत्रे बौद्धावतारे दंडकारण्ये देशे गोदावर्याः उत्तरे तीरे...’

‘गुरुजी, जरा थांबा.’

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझे वडील, अण्णा, बोलले. ‘गोदावरी इथून किती लांब?’

गुरुजी थांबले. नवरा हात तसाच धरून बसला.

‘चारशे किलोमीटर तरी असेल,’ अण्णांनीच उत्तर दिलं. ‘आणि दक्षिणापथ कसला? मानपूरचा घाट खाली राहिला, निमाड खाली राहिलं, नर्मदा त्याहून खाली. आपण नर्मदेच्या उत्तर तीरावर आहोत. मालव देश. दंडकारण्य नाही हे.’

‘चुकलं अण्णा. जिभेची सवय,’ गुरुजी म्हणाले.

‘सवयीचं ठीक आहे हो. पण पत्ता चुकला तर पूजा नाशकाला पोचायची.’

तोवर नवऱ्याच्या बोटांमधून पाणी ठिबकून पाटावर थारोळं झालं होतं. पुन्हा पळीभर पाणी घेतलं, पुन्हा पहिल्यापासून संकल्प, आणि या वेळी ‘नर्मदायाः उत्तरे तीरे’ म्हणताना गुरुजींनी अण्णांकडे नजर टाकली. अण्णांनी मान हलवली. हा माणूस सत्तरच्या दशकात ओव्हरसियर म्हणून नर्मदेच्या पाइपलाइनवर राबलेला. ते पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्य चढून इंदूरला येतं. नर्मदा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

संकल्प मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो नकाशा आहे हे त्या ठिबकणाऱ्या हाताकडे बघताना पहिल्यांदा कळलं. पाकिटावरचा पत्ता घरापासून सुरू होतो आणि गाव, जिल्हा, देश करत मोठा होत जातो. संकल्प उलटा चालतो. आधी ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, मग मन्वंतर, युग, मग द्वीप, वर्ष, खंड, मग नदी, नदीचा काठ, संवत्सर, मास, तिथी, वार, आणि सरतेशेवटी पाटावर बसलेला, गुडघे दुखणारा एक माणूस, गोत्रासकट. कागद नाही, रेघ नाही. हातात पाणी धरून एका श्वासात सांगितलेला जगाचा नकाशा.

सांगितलेला, हे महत्त्वाचं. ‘नकाशा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि येताना चित्र घेऊनच आला, त्यामुळे नकाशा म्हटलं की आपण बघायला जातो. जुन्या जगाचे नकाशे मला वाटतं बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त होते.

आपल्या पुराणांतलंच घ्या. जंबुद्वीप मध्ये, त्याच्याभोवती कड्यासारखी एकाबाहेर एक आणखी सहा द्वीपं: प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. दोन द्वीपांच्या मध्ये समुद्र. जंबुद्वीप एक लाख योजनं, पुढचं प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. समुद्र ओळीने खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटचा गोड्या पाण्याचा. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, अकराला उभं राहून ही यादी म्हणून बघा, फारशी परकी वाटत नाही. मध्यभागी मेरू, चौऱ्याऐंशी हजार योजनं उंच, सोळा हजार योजनं जमिनीत, आणि पायथ्यापेक्षा माथा दुप्पट रुंद. कमळातल्या गाभ्यासारखा, म्हणून तसा. अण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. ‘पायापेक्षा माथा दुप्पट? हे डिझाईन पास कुणी केलं?’

हे सगळं काढून ठेवलेलं प्राचीन काळचं चित्र आपल्यापुढे नाही. जैनांचे जंबुद्वीपाचे आणि अडीच द्वीपांचे सुंदर कापडी पट आहेत, पण ते पंधराव्या शतकापासूनचे. त्याआधी शतकानुशतकं हा नकाशा पाठ होता. दुपटीचा हिशेब, समुद्रांचा ठरलेला क्रम, ही पाठांतराची सोय आहे. ज्याला लाख योजनं चालून बघायची नाहीत पण विसरायचीही नाहीत, तो असाच नकाशा करणार. या सगळ्याच्या पलीकडे लोकालोक पर्वत: अलीकडे उजेड, पलीकडे अंधार.

आता ज्याला जगाचा सगळ्यात जुना नकाशा म्हणतात तो बघू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक पाटी आहे, बाबिलोनची, साधारण इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातली. उंची बारा सेंटिमीटर, रुंदी आठ. माझ्या मोबाइलपेक्षा जरा बुटकी. ओल्या मातीवर कंपासने दोन वर्तुळं ओढलेली, मधल्या टोकाचं भोक अजून दिसतं. त्या दोन वर्तुळांच्या मधला पट्टा म्हणजे समुद्र, त्यावर लिहिलंय ‘कडू नदी’. आतल्या गोलात वरून खाली दोन समांतर रेघा, ती युफ्रेटिस. तिच्यावर आडवा चौकोन, ते बाबिलोन. बाकीची शहरं छोटे गोल, आतून टिकलीएवढी. खाली दलदल. समुद्राच्या बाहेर त्रिकोण, पाटी फुटल्यामुळे सगळे उरलेले नाहीत. १९९५ साली त्यातला एक त्रिकोण त्याच संग्रहालयातल्या बारक्या तुकड्यांच्या ढिगात सापडला आणि पाटीला बसला. शतकभर दोघं एकाच इमारतीत होते.

पण फोटो मोठा करून बघितला तर लक्षात येतं की पाटीवर चित्र आहे त्याहून मजकूर जास्त आहे. वरच्या भागात मजकूर, मागची बाजू पूर्ण मजकुराने भरलेली. त्रिकोणांवर अंतरं लिहिलेली, मध्ये अमुक कोस, अशी. आणि उत्तरेकडच्या एका त्रिकोणावर लिहिलंय की इथे सूर्य दिसत नाही.

आपल्या लोकालोकाची आठवण झाली तर माझा दोष नाही. मी इथे कुणी कुणाची उचल केली वगैरे म्हणणार नाही. आपल्याकडे तसं म्हणायची फार घाई असते, दोन्ही बाजूंनी. आपल्याला जिथपर्यंत माहीत आहे त्याच्या पुढे पाणी, आणि पाण्याच्या पुढे काळोख, हे कुणालाही सुचण्यासारखं आहे. लहानपणी रामबागेतल्या घराच्या माडीवर जाताना मलाही शेवटच्या पायरीनंतर असंच वाटायचं.

ग्रीकांची गोष्ट मात्र वेगळी, कारण त्यांच्यात नकाशाला हसणारा माणूस निघाला. मिलेटसच्या ॲनॅक्झिमँडरने जगाचा नकाशा काढला, तोही इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. त्याच गावच्या हेकाटेअसने तो सुधारला. पुढच्या शतकात हेरोडोटस लिहितो की हे लोक पृथ्वी कंपासने काढल्यासारखी गोल दाखवतात, भोवती महासागर फिरवतात, आणि मला हसू येतं. त्यानेच सांगितलेली एक हकिकत मला फार आवडते. मिलेटसचा ॲरिस्टागोरस स्पार्टाच्या राजाकडे मदत मागायला गेला. बरोबर काशाचा पत्रा नेला होता, त्यावर सगळी पृथ्वी, सगळे समुद्र, नद्या कोरलेल्या. इथे हे लोक, त्यांच्याकडे हे सोनं, शेजारी ते लोक, असं करत त्याने राजाला बोटाने पार इराणच्या सुसापर्यंत नेलं. राजा क्लिओमेनीसने विचार करायला तीन दिवस घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला: समुद्रापासून तिथपर्यंत किती दिवसांची वाट? ॲरिस्टागोरस गडबडला आणि खरं बोलला. तीन महिन्यांची. राजा म्हणाला, सूर्य मावळायच्या आत स्पार्टा सोड.

काशाच्या पत्र्यावर सगळं होतं. वाट किती दिवसांची हे नव्हतं.

माझी आजी क्लिओमेनीसच्या पंथाची. तिला नकाशा वाचता येत नसे, पण ती तरुणपणी नर्मदा परिक्रमा केलेल्या बायकांकडून ऐकलेलं सगळं सांगायची. माई कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला ओलांडायचं नाही, या दोन नियमांवर माणूस अमरकंटक ते समुद्र जाऊन दुसऱ्या काठाने परत येतो. मुक्कामांची नावं ओळीने. कुठे सदावर्त, कुठे झाडी, कुठे लुटतात. तेवढ्यावर अख्खी नदी तिच्या डोक्यात उभी होती, आणि ती स्वतः कधी ओंकारेश्वरच्या पुढे गेली नव्हती.

अशाच सांगण्याच्या जातीचं एक ग्रीक पुस्तक आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. त्यात नकाशा नाही. भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून गाड्यांवर माल भरुचला उतरतो, वाटेत रस्ते नाहीत असा भाग लागतो. उज्जैनहूनही अकीक आणि तलम कापड भरुचला येतं. कुठल्याशा ग्रीक बोलणाऱ्या खलाशाने पैठणची वाट दिवसांत मोजून ठेवली आहे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य तीनदा वाचलं. आमचं मूळ गाव पैठणजवळचं. होळकरांच्या मागे कोण कधी इकडे आलं ते नक्की कुणालाच माहीत नाही, पण गोदावरी अजून जिभेवर आहे. त्या तरुण गुरुजींना फार हसायला नको.

त्यानंतर साधारण इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने मोठं काम केलं. सुमारे आठ हजार ठिकाणांची यादी, प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश. त्याने स्वतः काढलेले नकाशे आज नाहीत. आहेत ते त्याच्या आकड्यांवरून हजार-बाराशे वर्षांनी काढलेले. म्हणजे तोही यादीच ठेवून गेला, ज्याला पाहिजे त्याने काढून घ्यावं. त्या यादीत उज्जैन आहे, ‘ओझेने’, क्षत्रप राजा चष्टनाची राजधानी. पैठण आहे, सातवाहन राजा ‘श्री पुलुमावी’ची राजधानी, राजाचं नाव मात्र ग्रीक कानांनी ऐकल्यासारखं. नर्मदा आहे, विंध्य आहे. नावं ऐकीव म्हणून बरोबर आली, पण आकडे रेखाटायला घेतले की घोळ. भारताचं द्वीपकल्पच नाहीसं होतं. किनारा खाली उतरायच्या ऐवजी पूर्वेकडे चालू लागतो, आपलं उभं कोकण आडवं पडतं, आणि श्रीलंका फुगून अवाढव्य होते. हिंदी महासागर चारी बाजूंनी बंद, तळ्यासारखा.

रोमन लोकांचा तर एक नकाशा आहे, त्याची बाराव्या-तेराव्या शतकातली नक्कल व्हिएन्नात ठेवली आहे, पावणेसात मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम वीतभर-दीडवीत. पूर्वी जन्मपत्रिकेची गुंडाळी असायची ना, तशी. भूमध्य समुद्र त्यात कालव्याएवढा उरलाय. पण रस्ते आहेत, मुक्काम आहेत, दोन मुक्कामांतलं अंतर आहे, आणि पार उजव्या टोकाला, भारतात, मुझिरिस बंदर आणि तिथे ऑगस्टसचं देऊळ. क्लिओमेनीसला हा नकाशा चालला असता.

वास्तुशांतीनंतर मुलगा आठवडाभर होता. बंगळुरूला परत जायच्या आधी एक दिवस अण्णा, तो आणि मी उज्जैनला गेलो. महाकालाला गर्दी होती, म्हणून आधी वेधशाळा. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, ऊन कोवळं पण लख्ख. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली यंत्रं, पुढे शिंद्यांनी दुरुस्त केलेली. सम्राट यंत्राजवळ आम्ही उभे राहिलो. मधली भिंत जिन्यासारखी चढत उत्तरेकडे जाते, तिचा उतार पृथ्वीच्या आसाशी समांतर. दोन्ही बाजूंना पांढरे वाकलेले पट्टे, त्यांवर तास, मिनिटांच्या रेघा. सकाळभर सावली पश्चिमेच्या पट्ट्यावर होती आणि आता ती भिंतीच्या पायाशी येऊन मिळत होती. एक क्षण दोन्ही पट्टे कोरे. मग पूर्वेच्या पट्ट्यावर काळी कड उमटली, सुरीच्या धारेएवढी.

‘बारा,’ अण्णा म्हणाले.

मुलाने मोबाइल बघितला. बारा एक्केचाळीस.

‘बंद पडलंय हे, आजोबा.’

‘तुझा मोबाइल अलाहाबादजवळची वेळ दाखवतो. ही उज्जैनची वेळ आहे.’ मग त्यांनी वाळूत काडीने हिशेब करून दाखवला. साडेब्याऐंशी रेखांशावरून भारताचं घड्याळ चालतं, उज्जैन पावणेशहात्तरवर, प्रत्येक अंशाला चार मिनिटं म्हणजे सत्तावीस मिनिटं. उरलेली चौदा सूर्याची स्वतःची. वर्षभर तो घड्याळाच्या पुढे-मागे होतो आणि फेब्रुवारीत सगळ्यात मागे असतो. मुलाने सावलीच्या कडेवर बोट ठेवलं. कड बोटाखालून निघून गेली तशी तो गप्प झाला.

आपल्या ज्योतिषांच्या पृथ्वीची मध्यरेषा इथून जायची. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, मेरू. भास्कराचार्य म्हणतात, ‘सा मध्यरेखा भुवः’. ही लंका म्हणजे श्रीलंका नव्हे. ती विषुववृत्तावर मानलेली जागा; ही रेघ आज खरोखर खाली ओढत नेली तर मालदीवच्या पूर्वेला भर समुद्रात विषुववृत्त ओलांडते. तिथे काहीही नाही. विषुववृत्तावर अशीच आणखी तीन नगरं मानलेली, नव्वद नव्वद अंशांवर: यमकोटी, सिद्धपूर, रोमक. लंकेत सूर्योदय तेव्हा यमकोटीत मध्यान्ह, सिद्धपुरात सूर्यास्त, रोमकात मध्यरात्र, असं आर्यभट सांगतो, इ.स. ४९९ मध्ये. लंकेपासून उज्जैन पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर, असंही. तीनशे साठ भागिले सोळा, साडेबावीस अंश. खरं उज्जैन सव्वातेवीसच्या जरा अलीकडे आहे. चूक पाऊण अंशाच्याही आत.

आणि ही गोल पृथ्वी सांगणाऱ्या माणसांनी दह्यादुधाच्या समुद्रांचं काय केलं? टाकून दिले नाहीत. भास्कराचार्यांनी खारा समुद्र विषुववृत्ताशी ठेवला, त्याच्या उत्तरेचा अर्धा गोल जंबुद्वीप ठरवला आणि बाकीची सहा द्वीपं, समुद्रांसकट, दक्षिण गोलार्धात नेऊन बसवली. मला हा अस्सल घरगुती तोडगा वाटतो. सासूबाईंची जुनी भांडी मोडीत काढवत नाहीत, मग ती माळ्यावर जातात.

उज्जैनची पुढची हकिकत मी परतताना, सांवेर मागे पडल्यावर, गाडीत सांगितली. ग्रीकांचं ‘ओझेने’, अरबांकडे ‘उझैन’. अरबी लिपीत ‘झ’ आणि ‘र’ यांच्यात फरक एका टिंबाचा. नकला करता करता ते टिंब कुठेतरी गळलं आणि उझैनचं ‘अरीन’ झालं. अरबी भूगोलात अरीन म्हणजे पृथ्वीचा घुमट, विषुववृत्तावरची मधोमध जागा. मग हे पुस्तकांतून लॅटिनमध्ये गेलं. १४९८ च्या तिसऱ्या सफरीवरून कोलंबस स्पेनच्या राजा-राणीला जे पत्र लिहितो त्यातही अरीन आहे. इंदूरहून तासा-दीड तासावर असलेलं आमचं उज्जैन एका टिंबापायी समुद्रात जाऊन बसलं, आणि कोलंबस त्याचं नाव घेऊन चुकीच्या दिशेने हिंडत होता.

‘इंदूर रेघेच्या कुठल्या बाजूला?’ मुलाने विचारलं.

‘पूर्वेला. पण किती? वीस-बावीस सेकंद,’ अण्णा म्हणाले. उज्जैनच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आपण आहोत, ही गोष्ट त्यांनी नंतर दुधवाल्यालाही सांगितली.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत, एडिसनला असते. यंदाच्या थंडीत तिच्याकडे सत्यनारायण होता. तिच्याकडे सकाळचे नऊ, आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. टॅब्लेट डाळीच्या डब्याला टेकवून आम्ही सगळे समोर बसलो. तिथले गुरुजी तेलुगू, संस्कृत स्वच्छ. संकल्प सुरू झाला आणि अण्णा पुढे सरकले, कारण जंबुद्वीप आलंच नाही. गुरुजी म्हणाले, ‘क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे, ऐंद्रखंडे...’

‘थांबा, थांबा,’ अण्णा टॅब्लेटला म्हणाले. ‘क्रौंचद्वीप?’

अमेरिकेत असंच म्हणतात, तिकडच्या पुरोहितांनी तशी सोय करून घेतली आहे, असं बहिणीने पाणी धरलेला हात न हलवता सांगितलं. अण्णांनी क्षणभर विचार केला. द्वीप त्यांना पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न नेहमीचा होता. ‘आणि नदी? कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी?’

गुरुजी तिच्याकडे बघू लागले, ती जावयाकडे. जावई खिडकीशी गेला, जणू तिथून दिसणार होती. ‘रारिटन,’ तो म्हणाला. ‘ती खाली राहते, म्हणजे आपण... उत्तरेला.’

‘उत्तरे तीरे,’ अण्णा समाधानाने मागे टेकले.

माझ्या शेजारी आई वाती वळत होती. ती मनातल्या मनात बोटांवर मोजत होती: जंबू खारा, प्लक्ष उसाचा, शाल्मली दारूचा, कुश तुपाचा. मग तिने मान वर केली.

‘क्रौंचाला दह्याचा समुद्र,’ ती म्हणाली. ‘आणि ही मला दर रविवारी फोन करून सांगते, आई, थंडीत विरजणच लागत नाही.’